रक्तदाबासाठी लघवीची गोळी: पहिल्या दिवसापासून ती कशी घ्यायची

रक्तदाबावर लघवीची गोळी सुरू झाली की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिल्या आठवड्यात, 'सारखं उठावं लागतं.' आणि दीड-दोन महिन्यांनी, 'आता पूर्वीसारखी लघवी होत नाही, गोळीचा गुण संपला वाटतं.' दोन्ही वेळा गोळी बंद पडते. दुसऱ्या वेळी बंद पडते तेव्हा मला जास्त वाईट वाटतं, कारण नेमकं त्याच सुमारास औषध खऱ्या अर्थानं कामाला लागलेलं असतं.

गोळीला नाव पाण्यावरून पडलं असलं तरी तिचं काम मिठाशी आहे. एवढं नीट कळलं, तर ती कधी घ्यायची, पाणी किती प्यायचं, तपासण्या कशासाठी आणि जुलाब झाले तर काय करायचं, हे पुढचं सगळं त्यातूनच उलगडतं.

आपली दोन मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. लघवीवाटे बाहेर पडतं ते साधारण दीड लिटर. उरलेलं जवळजवळ सगळं बारीक नळ्यांमधून परत रक्तात शोषलं जातं. मिठातलं सोडियम आत खेचलं की पाणी त्याच्या मागोमाग जातं. थायाझाइड गटातली औषधं या नळीच्या शेवटाकडच्या भागात सोडियम आत ओढणारा एक दरवाजा अडवतात. गाळलेल्या सोडियमपैकी जेमतेम ५ ते ७ टक्के या दरवाजातून परत येतं, पण रोज तेवढं अडलं तरी रक्तदाबासाठी पुरतं. पहिल्या काही आठवड्यांत रक्तातला द्रव कमी होतो आणि दाब उतरतो. सहा ते आठ आठवड्यांत शरीर जुळवून घेतं, द्रवाचं प्रमाण बरंचसं पूर्वपदावर येतं, लघवीही नेहमीसारखी होते. दाब मात्र खालीच राहतो, कारण तोवर रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात. म्हणून लघवी किती झाली यावरून गोळी चालते की नाही हे ठरवू नका. ते यंत्रावरचा आकडा सांगेल.

आधी हातातली पट्टी वाचा

'लघवीची गोळी' म्हणजे एकच औषध नाही. तीन निरनिराळी घराणी आहेत आणि त्यांची कामंही निरनिराळी आहेत.

रक्तदाबासाठी मुख्य घराणं थायाझाइडचं. हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन आणि इंडापामाइड ही त्यातली नेहमीची नावं. दुसरं घराणं फ्युरोसेमाइड आणि टॉर्सेमाइडचं. ही जोरदार औषधं. नळीच्या ज्या भागात ती काम करतात तिथून २० ते २५ टक्के सोडियम परत येत असतं, त्यामुळे लघवीचा लोंढाच येतो. हृदय कमजोर होऊन अंगावर सूज आली असेल किंवा मूत्रपिंडाचं काम बरंच उतरलं असेल, तेव्हा ती लागतात. नुसत्या रक्तदाबासाठी फ्युरोसेमाइड बरोबर पडत नाही. त्याचा असर सुमारे सहा तासांत ओसरतो, आणि उरलेल्या वेळात मूत्रपिंड गेलेलं मीठ भरून काढतं. तिसरं घराणं पोटॅशियम राखून ठेवणाऱ्या औषधांचं: स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन, अमिलोराइड. ती बहुधा जोडीला दिली जातात.

पट्टीवर डोळ्यात भरणारं नाव बहुधा कंपनीनं दिलेलं असतं. बहुधा मागच्या बाजूला औषधाचं खरं नाव आणि मिलीग्रॅम असतात, ते वाचा. हे मी आग्रहानं सांगते त्याला कारण आहे. माझ्या मावशीच्या गोळ्यांच्या डब्यात दोन वेगळ्या रंगांच्या पट्ट्या होत्या. एक रक्तदाबाची जोडगोळी (एकाच गोळीत दोन औषधं), दुसरी पायांच्या सुजेसाठी नंतर कुणीतरी दिलेली. दोन्हींच्या मागं एकच नाव होतं, हायड्रोक्लोरोथायाझाइड. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठीची कल्पना नव्हती. त्यात 'गोळीनं पाणी जातं' म्हणून मावशी दिवसभर पाणी पीत राहायची. दहा-बारा दिवसांनी ती चालताना तोल सांभाळू शकेना, बोलताना शब्द विसरू लागली, एकदा मला आईच्या नावानं हाक मारली. घरातल्यांना वाटलं वय झालं. रक्तात सोडियम १२१ निघालं. असायला हवं १३५ ते १४५. औषध थांबवून, दवाखान्यात हळूहळू सोडियम वर आणल्यावर ती पूर्ण बरी झाली. तेव्हापासून घरातल्या कुणाच्याही हातात नवी पट्टी दिसली की मी आधी ती उलटी करते.

सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना काय सांगायचं

सोडियम, पोटॅशियम, मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन, युरिक ॲसिड आणि साखर, एवढ्या तपासण्या गोळी सुरू होण्याआधी झालेल्या असाव्यात. पुढं आकडे बदलले तर तुलनेला काहीतरी हवं.

मग तोंडानं सांगायच्या गोष्टी. पूर्वी गाउटचा, म्हणजे युरिक ॲसिड साचून सांधा सुजण्याचा, झटका आला होता का? सल्फाच्या औषधाची ॲलर्जी आहे का? गर्भधारणा आहे किंवा ठरवली आहे का? मानसिक आजारासाठी लिथियम चालू असेल तर ते न विचारता सांगा. थायाझाइडनं लिथियम शरीरात साठतं आणि विषारी पातळीला जाऊ शकतं. हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर पोटॅशियम घसरणं दुप्पट धोक्याचं. आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या, ज्यांना कुणी औषधात धरतच नाही. त्या मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतात, म्हणजे लघवीच्या गोळीच्या बरोबर उलट. सोबत नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असलेलं रक्तदाबाचं औषध चालू असेल, तर या तिघांची गाठ पडून मूत्रपिंड अचानक बिघडू शकतं. गुडघा दुखतो म्हणून रोज वेदनाशामक घेत असाल, तर दाब का उतरत नाही याचं उत्तर बऱ्याचदा तिथंच असतं. ज्येष्ठमधाचा काढा किंवा चूर्ण नेमानं घेत असाल तर तेही सांगा. त्यानं दाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं.

हे औषध जुनं आणि स्वस्तातलं म्हणून दुय्यम समजू नका. थायाझाइड घराण्यातलं पहिलं औषध, क्लोरोथायाझाइड, १९५८ साली वापरात आलं. त्याआधी शरीरातलं जादा पाणी काढायला पाऱ्याची इंजेक्शनं द्यावी लागत. १९६७ साली अमेरिकेतले डॉक्टर एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली १४३ माजी सैनिकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या या पुरुषांना हायड्रोक्लोरोथायाझाइड आणि जोडीला आणखी दोन औषधं दिली, तेव्हा औषध न मिळालेल्या गटाच्या मानानं पक्षाघात आणि हृदयाचे गंभीर प्रसंग इतके कमी झाले, की वाढलेल्या रक्तदाबावर उपचार करावा की नाही हा वादच मागं पडला. पुढं १९९१ मध्ये साठीच्या वरच्या ४,७३६ जणांच्या अभ्यासात क्लोरथॅलिडोनपासून सुरू केलेल्या उपचारानं पक्षाघात ३६ टक्क्यांनी घटले. २००८ मध्ये ऐंशी ओलांडलेल्यांनाही इंडापामाइडवर आधारलेल्या उपचाराचा फायदा होतो, त्यांचं आयुष्यही वाढतं, हे दिसलं. आपल्या आजीला 'आता या वयात कशाला गोळ्या' म्हणणाऱ्यांनी हा शेवटचा अभ्यास जरूर लक्षात घ्यावा.

पहिली गोळी: मात्रा आणि वेळ

सुरुवात लहान मात्रेनं होते. हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन १२.५ मिलीग्रॅम, इंडापामाइड १.२५ किंवा सावकाश विरघळणारी गोळी असेल तर १.५ मिलीग्रॅम. वृद्ध, सडपातळ माणसांच्या बाबतीत डॉक्टर याहून कमीही देतात.

गोळी सकाळी घ्या. रात्रीच घेतली तर हृदयाचं जास्त रक्षण होतं असं मध्यंतरी बरंच बोललं जात होतं. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या २१ हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात सकाळ आणि संध्याकाळ यांत हृदयविकार किंवा पक्षाघाताच्या दृष्टीनं फरक आढळला नाही. मग रात्री अंधारात उठून धडपडण्याचा धोका कशाला पत्करायचा?

बाहेरगावी निघायचं असेल तर गोळी बुडवण्यापेक्षा पोचल्यावर, दुपारी घेतली तरी चालते. सकाळी विसरलात आणि दुपारपर्यंत आठवलं तर घ्या. संध्याकाळ झाली असेल तर त्या दिवसापुरती सोडा. दुसऱ्या दिवशी दोन एकदम कधीच घेऊ नका. क्लोरथॅलिडोन शरीरात दोन दिवसांहून अधिक रेंगाळतं, त्यामुळे एखादा दिवस चुकल्यानं आकाश कोसळत नाही. हायड्रोक्लोरोथायाझाइड त्या मानानं लवकर निघून जातं. या कारणानं बरेच डॉक्टर क्लोरथॅलिडोनकडे झुकतात. तरीही २०२२ मध्ये साडेतेरा हजार वयस्कर माजी सैनिकांमध्ये दोन्ही औषधांची थेट तुलना झाली तेव्हा हृदयविकार आणि पक्षाघात सारखेच निघाले, आणि क्लोरथॅलिडोनवर पोटॅशियम थोडं जास्त घसरलं. तेव्हा एकावर नीट बसलेली घडी निव्वळ फॅशन म्हणून मोडू नये, असं माझं मत आहे.

पाणी आणि मीठ

इथं सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सावकाश.

'गोळी पाणी काढते, म्हणून भरपूर पाणी प्या' हा सल्ला प्रेमानं दिला जातो आणि थायाझाइडवर असलेल्या माणसाला तोच नडतो. हे औषध ज्या ठिकाणी काम करतं, तिथं मूत्रपिंडाची पातळ लघवी तयार करण्याची क्षमताही मार खाते. जास्तीचं पाणी सहज बाहेर टाकता येत नाही, ते रक्तात राहतं आणि सोडियम विरळ होत जातं. मावशीचं हेच झालं. वृद्ध आणि बारीक अंगाच्या बायकांना हा धोका सर्वांत जास्त, आणि तोही बहुतेकदा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. उलट टोकाला जाऊन, लघवी टाळायची म्हणून पाणी तोडणारेही असतात. त्यांचं मूत्रपिंड कोरडं पडतं. तहान लागेल तसं प्या. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं असेल तर ते माप पाळा.

मीठ मात्र खरोखर मोजा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक सपाट छोटा चमचाही नाही, आणि त्यात पाकीटबंद पदार्थांतलं मीठही आलं. गोळी एका दारानं मीठ बाहेर काढत असताना आपण दुसऱ्या दारानं आत ओतत राहिलो, तर दाब तिथंच राहतो आणि वर पोटॅशियम जास्त वाहून जातं. नळीत सोडियम जितकं जास्त पुढं जातं, तितकं शेवटच्या टप्प्यात त्याच्या बदल्यात पोटॅशियम बाहेर टाकलं जातं. कमी मीठ खाणाऱ्याला हीच गोळी कमी मात्रेत आणि कमी त्रासात लागू पडते.

पहिल्या आठवड्यात उठताना चक्कर येऊ शकते. पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, पाय हलवा, मग उभे राहा. चक्कर रोजच येत असेल तर उभ्यानं दाब मोजून डॉक्टरांना कळवा.

दोन ते चार आठवड्यांनी रक्त तपासा

ही तपासणी टाळू नका. मात्रा वाढवली की ती पुन्हा करायची, आणि सगळं स्थिर झालं की सहा महिन्यांनी किंवा वर्षानं.

पोटॅशियम ३.५ ते ५ च्या दरम्यान हवं. ३.३ आलं म्हणून घाबरून औषध फेकायचं नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही. डॉक्टरांकडे अनेक मार्ग असतात: मात्रा घटवणं, 'प्रिल' किंवा 'सार्टन' गटाचं औषध जोडणं, स्पायरोनोलॅक्टोन किंवा अमिलोराइड देणं. मॅग्नेशियम कमी असेल तर पोटॅशियम कितीही भरलं तरी टिकत नाही, म्हणून तेही बघावं लागतं. पायात पेटके, स्नायूंत अशक्तपणा, छातीत धडधड ही पोटॅशियम घसरल्याची लक्षणं असू शकतात. अगदी लहान मात्रेवर पोटॅशियम खूपच उतरलं असेल, तर मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीतून अल्डोस्टेरोन हे मीठ धरून ठेवणारं संप्रेरक जास्त पाझरतंय का, हे तपासायला सांगा. वाढलेल्या रक्तदाबाचं हे कारण वारंवार नजरेतून सुटतं.

युरिक ॲसिड थोडं वाढतंच. पायाच्या अंगठ्याचा सांधा लाल होऊन ठणकायला लागला तर अंगावर काढू नका. साखरही किंचित वाढू शकते, लहान मात्रेत फार नाही. मधुमेह आहे म्हणून हे औषध वर्ज्य होत नाही. कॅल्शियमच्या बाबतीत फायद्याची बाजू आहे. थायाझाइड ते लघवीतून वाया जाऊ देत नाही, त्यामुळे कॅल्शियमचे मुतखडे वारंवार होणाऱ्यांना आणि हाडं ठिसूळ झालेल्यांना त्याचा उपयोगच होतो. दुसऱ्या घराण्यातलं फ्युरोसेमाइड नेमकं उलटं वागतं.

डोळा अचानक दुखून दिसायला अंधुक झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हे क्वचित होतं, पण वेळेवर गोळी थांबवली तर दृष्टी वाचते. हायड्रोक्लोरोथायाझाइडनं त्वचा उन्हाला जास्त हळवी होते आणि वर्षानुवर्षं घेणाऱ्या गोऱ्या त्वचेच्या लोकांमध्ये त्वचेच्या काही कर्करोगांचं प्रमाण वाढलेलं आढळलं आहे. उन्हात अंग झाकावं, आणि पूर्वी तसा कर्करोग होऊन गेला असेल तर दुसरं औषध निवडावं.

घरचं यंत्र आणि चार आठवड्यांचा धीर

मोजण्यापूर्वी अर्धा तास धूम्रपान, कॉफी, व्यायाम नको. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला ठेवून पाच मिनिटं न बोलता बसा. मग मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा, सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीच्या सात दिवसांचे आकडे लिहून न्या. घरच्या आकड्यांची सरासरी १३५/८५ च्या खाली असावी, आणि तुमच्यासाठी याहून कमी लक्ष्य ठेवायचं का ते डॉक्टर ठरवतील.

तिसऱ्याच दिवशी 'काही फरक नाही' म्हणू नका. चार आठवडे तरी द्या. तरी दाब उरला तर हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोनची मात्रा १२.५ वरून २५ होते. त्यापुढं वाढवण्यात फारसा अर्थ नसतो. थायाझाइडचा दाबावरचा असर लवकर सपाट होतो आणि दुष्परिणाम मात्र मात्रेबरोबर चढत जातात. सुरुवातीच्या दशकांत याच औषधाच्या १०० मिलीग्रॅमच्या मात्रा दिल्या जात. या गोळीची बदनामी बरीचशी त्या काळातली आहे. आता लहान मात्रेला दुसऱ्या गटाचं औषध जोडतात. 'प्रिल' किंवा 'सार्टन' गटाशी जोडी विशेष जमते, कारण ती औषधं पोटॅशियम धरून ठेवतात.

तीन औषधं पूर्ण मात्रेत घेऊनही दाब हटत नसेल तर स्पायरोनोलॅक्टोनची पाळी येते. २०१५ च्या ब्रिटिश अभ्यासात अशा हट्टी रक्तदाबावर चौथं औषध म्हणून तेच सर्वांत सरस ठरलं. मात्र इथं भीती उलट, पोटॅशियम चढण्याची. सुरू केल्यावर आठवड्याभरात आणि पुन्हा महिन्यानं तपासा. 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून विकलं जाणारं मीठ बहुधा पोटॅशियम क्लोराइडचं असतं, ते या औषधाबरोबर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. पुरुषांना स्तनाच्या जागी गाठ किंवा दुखरेपणा जाणवला तर संकोच न करता सांगावं. एप्लेरेनोनवर बदलता येतं.

मूत्रपिंडाचं काम खूप उतरलं की थायाझाइड निरुपयोगी होतं, असं पूर्वी शिकवलं जाई. २०२१ मध्ये चौथ्या टप्प्याच्या, म्हणजे बऱ्याच बळावलेल्या, मूत्रपिंडविकाराच्या १६० रुग्णांमध्ये क्लोरथॅलिडोननं वरचा दाब १० अंकांहून जास्त उतरवला. काटेकोर तपासण्या ठेवून आता ते तिथंही वापरतात.

सूज दिसली की लघवीची गोळी, हे समीकरण सोडा

रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन घेणाऱ्या बऱ्याच जणांचे घोटे संध्याकाळी सुजतात. अंगठ्यानं दाबलं की खळगा पडतो. मग सुजेवर म्हणून फ्युरोसेमाइड सुरू होतं. पण ही सूज शरीरात पाणी जास्त झाल्याची नसते. ॲम्लोडिपिननं बारीक धमन्या सैलावतात, केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि द्रव आजूबाजूला झिरपतो. लघवीच्या गोळीनं ती फारशी हटत नाही, माणूस मात्र कोरडा पडतो. ॲम्लोडिपिनची मात्रा घटवणं किंवा 'प्रिल'-'सार्टन' जोडणं हा खरा उपाय. सूज नवी असेल तर आधी विचारा, 'माझ्याच एखाद्या गोळीनं ही आली असेल का?'

आजारपणाचे दिवस

उलट्या, जुलाब, जोराचा ताप, खाणंपिणं बंद. अशा दिवसांत शरीर आधीच मीठ-पाणी गमावत असतं. त्यावर लघवीची गोळी चालू ठेवली तर मूत्रपिंड बंद पडायची वेळ येते. अशा वेळी गोळी एक-दोन दिवस थांबवायची का, आणि 'प्रिल'-'सार्टन'चंही काय करायचं, हे धडधाकट असतानाच डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ती चिठ्ठी गोळ्यांच्या डब्यात ठेवा. हृदय कमजोर असलेल्यांनी स्वतःच्या मनानं थांबवू नये, फोन करावा. खाणंपिणं नीट सुरू होऊन एक-दोन दिवस झाले की गोळी पुन्हा सुरू करायची, हे सांगायला नको, पण सांगते, कारण थांबवलेली गोळी सुरू करायची राहून जाते.

गोंधळल्यासारखं होणं, अतिशय गुंगी, फेफरं, बेशुद्धी, अनियमित जोरदार धडधड, दिवसभर लघवीच न होणं, यातलं काहीही दिसलं तर वाट पाहू नका. रुग्णालयात नेताना गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या सोबत न्या.

गोळी कधी बंद होऊ शकते का?

आकडा १२०/८० आला म्हणून नाही. तो आकडा गोळीनं आणलेला असतो. पण वजन बरंच उतरलं, मीठ खरोखर कमी झालं, चालणं नियमित झालं, आणि दाब महिनोन् महिने खाली राहू लागला किंवा उभं राहताना चक्कर येऊ लागली, तर डॉक्टर मात्रा उतरवून पाहतात. त्यानंतर फसगत होते ती अशी: गोळी सुटल्यावर दाब लगेच चढत नाही, पहिले पंधरा दिवस सगळं छान दिसतं, माणूस निर्धास्त होतो आणि यंत्र कपाटात जातं. दाब हळूहळू, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येतो. म्हणून मात्रा उतरवल्यावर निदान सहा महिने आठवड्यातून एक दिवस सकाळ-संध्याकाळ मोजत राहा, आणि सरासरी पुन्हा १३५/८५ च्या वर जायला लागली की वही घेऊन डॉक्टरांकडे जा.